सर्वांच्या ताटातले घावन

नाताळपासून चाळिसाव्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारीस, देवळात मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो. फ्रान्समध्ये त्या दिवशी घरोघर क्रेप, म्हणजे आपल्या घावनासारखी पातळ धिरडी, करण्याची जुनी चाल आहे. ग्वाल्हेरच्या आमच्या घरी ती चाल आली ती मात्र हौसेने नव्हे.

आमच्या धाकटीला सेलिअ‍ॅक हा विकार आहे. गव्हातील ग्लूटेन तिच्या आतड्यास इजा करते. म्हणून पोळी, पाव, केक सारेच वर्ज्य. सणासुदीला आम्ही तिचे पान वेगळे मांडीत असू. एका नाताळात ती आठ वर्षांची पोर म्हणाली, “तुम्ही जेवा, मी मागून बसते.” तो घास आमच्या घशाखाली उतरला नाही.

पुढे ब्रिटनीच्या गलेतविषयी आमच्या वाचनात आले. फ्रान्सच्या त्या पश्चिम प्रांतात हलक्या जमिनीत कुट्टू बरा येई. गोरगरिबांचे तेच अन्न असे. फ्रेंच लोक त्यास ‘काळा गहू’ म्हणतात, पण तो गहू नव्हेच. आंबट चुक्याच्या कुळातले ते त्रिकोणी बी. त्यात ग्लूटेन नाही. आमच्या शेजारणी नवरात्राच्या उपवासाला त्याच पिठाच्या पुऱ्या करतात! वस्तू दाराशी होती, आमचेच लक्ष नव्हते.

कृती सोपी आहे. पाव किलो पिठात लहान चमचाभर मीठ घालून सुमारे ६०० मिलिलिटर पाणी थोडे थोडे ओतीत गुठळ्या मोडाव्यात. एक अंडे फेटून घालावे व पीठ दोन तास झाकून ठेवावे. पीठ मात्र गहू दळणाऱ्या गिरणीतले नसावे; आम्ही दाणे निवडून घरीच दळतो. बिडाचा तवा चांगला तापवून, लोणी पुसून, पळीभर पीठ पातळ पसरावे. ग्लूटेनचा चिवटपणा नसल्यामुळे पहिले घावन बहुधा फाटते. कडा सुटल्यावाचून उलथने लावू नये. घाई आवरणे हीच खरी कला. वर अंडे फोडून, ते शिजत आले की चारी कडा आत मुडपाव्यात.

गेल्या २ फेब्रुवारीस आशीर्वादित मेणबत्ती मेजावर लावली आणि फाटके पहिले घावन कोणी घ्यावे यावरून मुलांत भांडण जुंपले. ते धाकटीने पटकावले. त्या भांडणाने आम्हांस जो आनंद झाला, तो कोणत्या शब्दांत सांगावा?

आपल्याही गावात एखादे मूल असेच बाजूला बसत असेल. त्याचे ताट निराळे वाढण्यापेक्षा, सणाच्या दिवशी तरी सर्वांनी त्याच्या ताटातले जेवावे, असे आम्हांस वाटते.