कोरलेले पुस्तक आणि न उघडलेली वही

१/
एखादे छापील पुस्तक घ्यावे, त्याची पाने सुरीने कोरावीत, काही दुमडावीत, काही डिंकाने चिकटवावीत, काही मजकूर रंगाखाली झाकावा आणि त्यातून वाचण्याऐवजी पाहण्याची वस्तू घडवावी. कलेच्या जगात याला ‘ऑल्टर्ड बुक’ म्हणतात. आपण त्याला पुस्तकशिल्प म्हणू. असे शिल्प बहुधा एकच असते, किंवा त्याच्या मोजक्या क्रमांकित प्रती निघतात. आजचा धागा या पुस्तकशिल्पांविषयी आहे, आणि भंडाऱ्यातील आमच्या घरच्या एका लोखंडी पेटीविषयीही.

२/
या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचे. १९६६ मध्ये टॉम फिलिप्स या चित्रकाराने लंडनमधील एका जुन्या मालाच्या दुकानातून तीन पेन्सला एक पुस्तक विकत घेतले. ती डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची, विस्मरणात गेलेली कादंबरी होती. फिलिप्स यांनी तिच्या प्रत्येक पानावर चित्रे काढली आणि मोजके शब्द तेवढे उघडे ठेवले. त्या शब्दांतून वेगळीच कथा उभी राहिली. ‘अ ह्युम्युमेंट’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि पुढची पन्नास वर्षे ते त्याच कादंबरीवर काम करीत राहिले. मॅलॉक यांचे नाव आज अनेकांना ठाऊक आहे ते या रंगवलेल्या पानांमुळेच.

३/
पुस्तकात फेरफार करण्याची हौस याहूनही जुनी आहे. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर यांनी इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात उल्लेखिलेल्या व्यक्तींची चित्रे गोळा करून आपल्या प्रतीत चिकटवण्याचे वेड वाचकांना लागले. एका पुस्तकाची प्रत फुगत गेली आणि त्यासाठी दुसऱ्या कित्येक पुस्तकांतील चित्रपाने फाडली गेली. घडवणे आणि नासवणे एकाच कात्रीने होत होते.

४/
याहून मागे गेलो, तर आर्किमिडीजची पोथी भेटते. दहाव्या शतकात चर्मपत्रावर उतरवलेले हे गणिती ग्रंथ तेराव्या शतकात एका धर्मसेवकाने खरवडले, पाने आडवी फिरवली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या अभ्यासकाला प्रार्थनांच्या खालची पुसट अक्षरे वाचता आली. त्यांतील एक ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये अन्यत्र कुठेही उरलेला नाही. खरवडणाऱ्याने मजकूर पुसला खरा, परंतु प्रार्थनापोथी म्हणून तेच चर्मपत्र शतकानुशतके जपले गेले.

५/
आता आपल्याकडे येऊ. महानुभाव परंपरेत भंडाऱ्याचे नाव आदराने घेतले जाते, कारण चक्रधरस्वामींचे शिष्य नीळभट्ट भांडारेकार इथले मानले जातात. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपी ही त्यांतील प्रमुख. यात पानांना कोणी हात लावला नाही, फक्त अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे आली. ग्रंथ सुरक्षित राहिला, मात्र पंथाबाहेरच्या वाचकाला तो कित्येक शतके मुका होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे दालन इतरांसाठी उघडले.

६/
समकालीन उदाहरण मुंबईचे. जे. जे. स्कूलमध्ये शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २०११ मध्ये ‘समवन एल्स’ ही मांडणी केली. निनावी किंवा टोपणनावाने लिहिलेल्या शंभर पुस्तकांची पोलादी रूपे त्यांनी फडताळावर मांडली आणि लेखकांनी आपले नाव का लपवले, याची कारणेही सोबत दिली. कुणी भीतीपोटी, कुणी स्त्री म्हणून नाकारले जाऊ नये यासाठी. इथे एकही जुने पुस्तक कापले गेले नाही, तरी पुस्तकाची वस्तू झाली, आणि त्या वस्तूने आपल्याला लेखकांकडे पाहायला लावले.

७/
आता आमची पेटी. माझ्या आजोळचे गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी होते. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे गाव बुडीत क्षेत्रात गेले आणि घर सोडताना आजोबांनी पुस्तकांची पेटी सोबत आणली. तिच्यात पंचांगे, शालेय पुस्तके, एका जुन्या नकाशासंग्रहाच्या दोन प्रती आणि आजोबांच्या हातची एक खातेवही आहे. माझी मामेबहीण नागपुरात कलाशिक्षण घेते. तिला नदीच्या पात्राचे पुस्तकशिल्प करायचे होते : पाने थराथराने कोरून पाण्याखालचा उतार दाखवायचा. तिची नजर त्या वहीवर गेली. “ताई, ही शाई बघ. पाण्याने पसरलेली. मला हीच हवी,” ती म्हणाली.

८/
तिची मागणी उथळ नव्हती. ती वही कित्येक वर्षे कोणी उघडलीही नव्हती. दसऱ्याला पेटीवर हळद-कुंकू वाहिले जाई, एवढाच तिचा मान. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून ‘नाही’ म्हणणे मला सोपे होते. परंतु ज्या कागदाकडे मी स्वतः ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याची राखणदार म्हणून मी कोणत्या तोंडाने उभी राहणार? मग आम्ही दोघींनी ठरवले की निर्णयाआधी पेटीतील प्रत्येक कागद वाचायचा. त्यात दिवाळीची सुट्टी गेली.

९/
वाचताना एक कसोटी हाती आली. छापील पुस्तकाला सहसा भावंडे असतात. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची नोंद आणि प्रती सरकारकडे देणे बंधनकारक केले. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर निवडक ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. म्हणून एक प्रत कापली, तरी ते पुस्तक संपत नाही. हस्तलिखित मात्र एकटे असते. छापील पुस्तकावरही कोणी हाताने लिहिले, की ती प्रत एकटी होते. आमच्या एका पंचांगाच्या समासात आईची जन्मवेळ होती. बाजारातले ते साधे पंचांग त्या एका ओळीमुळे आमच्यासाठी एकमेव ठरले.

१०/
आणि खातेवही? तिच्यात धानाचे हिशेब होते, खंडी आणि पायलीत. त्याहून मोलाचे म्हणजे प्रत्येक बांधीचे नाव होते. चिंचेखालची, बोडीकाठची, म्हसोबाची. सातबाऱ्यावर या जमिनींना केवळ गट क्रमांक असतात. जी नावे गावकऱ्यांच्या बोलण्यात होती, ती त्या जमिनींबरोबरच पाण्याखाली गेली. मामेबहिणीने स्वतःच वही मिटून माझ्या हाती दिली. म्हणाली, “हिला कापायचं नाही, ताई. पण नावं मला उतरवून दे.”

११/
तिने नकाशासंग्रहाची दुसरी, वाळवी लागलेली प्रत घेतली. तिची पाने कोरून नदीचे पात्र केले आणि प्रत्येक थरावर, पाण्याच्या रेषेखाली, बांध्यांची नावे बारीक अक्षरांत लिहिली. अशी तीन शिल्पे झाली, तिन्ही क्रमांकित. त्यांतील एक आजीकडे आहे. ते पाहायला आलेल्या शेजारच्या आजोबांनी दोन नावे दुरुस्त केली आणि वहीत नसलेली पाच सांगितली. मी ती तारखेसह टिपून घेतली. इतकी वर्षे नीट जपलेल्या वहीविषयी कोणी काही विचारले नव्हते. कोरलेल्या पुस्तकाने लोकांना बोलते केले.

१२/
तुमच्याही घरी अशी पेटी असेल. कोणी तिच्यातील पुस्तक कलेसाठी मागितले, तर आधी पाहा : याची दुसरी प्रत कुठे आहे का? समासात, मलपृष्ठावर, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस कोणाचे हस्ताक्षर आहे का? शिक्का, पावती, दुमडलेली चिठ्ठी? प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले का? ही उत्तरे मिळाली, की सुरीचे भय उरत नाही. आणि कोणीच काही मागितले नाही, तरीही पेटी उघडा. आमच्या वहीची अजून चाळीस पाने उतरवायची आहेत. शाई फिकट होत चालली आहे, आणि ती नावे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.