काचेवरचे मासिक

कथा-कवितांचे मासिक आणि छंदाचे मासिक यांत एक मोठा भेद आहे. कथा वाचून झाली की अंक मिटता येतो. विणकामाचा अंक मात्र काम पुरे होईपर्यंत शेजारी उघडा ठेवावा लागतो. असा अंक कागदावर घ्यावा की मोबाईलच्या वा टॅब्लेटच्या काचेवर, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा नाही. मी दोन्ही प्रकारे विणत आले आहे, म्हणून आपल्यापुढे चार गोष्टी मांडते.

मी मूळची कोकणातली. तिकडे लोकरीचे काम ते काय असणार! परंतु सासर ग्वाल्हेरचे मिळाले, पुढे यजमानांच्या बदल्यांबरोबर आम्ही डेहराडूनला आलो, आणि सुया हाती घेणे भागच पडले. सासूबाईंच्या ट्रंकेत ‘वुमन्स वीकली’ या १९११ साली सुरू झालेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे काही जुने अंक होते. त्यांतील नमुन्यांवर ओळीगणिक पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि समासात मराठीत टिपणे आहेत: ‘दादाचा स्वेटर, गळ्याला दोन टाके कमी.’ ते अंक आता पिवळे पडले आहेत, काहींना कसर लागली आहे. तरी आमच्या घरातील कितीतरी हिवाळ्यांची नोंद त्यांत आहे.

असे असूनही काचेवरच्या मासिकाला मी नावे ठेवणार नाही. साठीनंतर नमुन्याच्या चौकटीतील बारीक चिन्हे मला दिसेनाशी झाली आणि विणणे सुटते की काय, अशी धास्ती वाटू लागली. काचेवर दोन बोटे फिरवली की तेच चिन्ह हरभऱ्याएवढे होते! माझा छंद टिकला तो या सोयीमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय परदेशी अंकाची टपालाने वाट पाहावी लागत नाही. ‘निटी’ नावाचे मासिक तर २००२ साली निघाले तेच मुळी इंटरनेटवर, आणि तेही विनामूल्य.

मात्र जगभरचे अंक असे घरात आले की काही सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या बाजारातील सुयांचे क्रमांक जुन्या इंग्लिश पद्धतीचे आहेत. त्यात ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकन नमुन्यातील ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची. इंग्लिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत ती जाड होते. क्रोशाचेही तसेच: इंग्लिश नमुन्यातील ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकनांचा ‘सिंगल क्रोशे’. तेव्हा क्रमांकावर न जाता मिलिमीटर पाहावेत आणि नमुना कोणत्या देशाचा आहे ते आधी वाचावे. भरतकामाचा किंवा शिवणाचा नमुना कागदावर छापून घ्यायचा असेल, तर तो शंभर टक्के आकारातच छापावा. बहुधा त्यावर मापाचा एक चौकोन दिलेला असतो. तो पट्टीने मोजावा आणि मगच कापडाला कात्री लावावी.

याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. काचेवरचा अंक विकत घेतला असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो वाचण्याची केवळ परवानगी घेतलेली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही वाचता येईनाशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले. हे वाचताना मला सासूबाईंची पेन्सिल आठवली. ‘दादाचा स्वेटर’ या दोन शब्दांची भरपाई कोणी कोणत्या चलनात करावी?

म्हणून माझी विनंती एवढीच. वाचनासाठी काच खुशाल वापरा. नमुन्याची प्रत उतरवून घेण्याची परवानगी असेल, तर ती घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि जे विणाल त्याची एका साध्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद करा: कोणासाठी, कोणती लोकर, किती मिलिमीटरची सुई, किती टाके, कोठे काय बदलले. एका स्वेटरला अर्धे पान पुरते.

माझी नात बंगळुरूला शिकते. परवा तिने टोपीचा नमुना मागितला. मी तिला मासिकाचा दुवा पाठवला आणि सोबत वहीच्या पानाचे छायाचित्र. ‘आजी, दुवा उघडला, पण विणतेय ते तुझ्या पानावरून,’ असे तिचे उत्तर आले. ही वही पुढे तिच्याकडेच जायची आहे. तिची मागची पाने मी मुद्दाम कोरी ठेवली आहेत.