अलगद की बिचकत?

नातवाच्या इंग्रजीच्या धड्यात परवा ‘जिंजरली’ हे क्रियाविशेषण आले. त्याने हिंदीतून अर्थ विचारला आणि आम्ही, निवृत्त शिक्षकाच्या आत्मविश्वासाने, सांगून मोकळे झालो : जिंजर म्हणजे आले, आल्याचा तिखट तुकडा जसा जपून चावावा, तसे जपून करणे ते जिंजरली. रात्री शंका आली म्हणून कोश उघडला, तर आमच्या आल्याची पार सुंठ झाली!

या शब्दाचा आल्याशी मुळीच संबंध नाही. आल्याचे इंग्रजी नाव संस्कृत ‘शृंगवेरा’च्या कुळातले, पाली, ग्रीक, लॅटिन अशा मजला मारीत ते इंग्लंडात पोचले. ‘जिंजरली’ मात्र बहुधा जुन्या फ्रेंचमधील ‘नाजूक’ अशा अर्थाच्या विशेषणावरून आला, असे कोशकार मानतात. सोळाव्या शतकात तो नाजूक, डौलदार पावले टाकण्याला लावीत. पुढे डौल गळाला आणि सावधपणा उरला.

आज इंग्रजीत तान्हे मूलही जिंजरली उचलता येते आणि तापलेले भांडेही. मराठीला एवढ्यावर भागत नाही. मूल आपण ‘अलगद’ उचलतो, अनोळखी कुत्र्याजवळून ‘बिचकत’ जातो. पहिल्या सावधपणात दुसऱ्याची काळजी असते, दुसऱ्यात स्वतःची भीती. आणि ‘जपून’ या शब्दात तर ‘जपणे’च आहे.

हा भेद कळत असूनही आम्ही आयुष्यभर चुकलो. आमचे घराणे होळकरशाहीपासून इंदूरचे. तरुणपणी पुण्याला एका लग्नात आम्ही ‘मला भीती लागते’ म्हणालो आणि पंगत हसली. तिथे भीती ‘वाटते’. ‘लागते’ ती हिंदीत. त्या दिवसापासून आम्ही मराठी बिचकत बोलू लागलो. चूक नको म्हणून पुढे मुलांशी हिंदीच बोलत राहिलो. मराठी जपतो आहोत, असा आमचा समज होता.

सकाळी नातवाला बोलावून आमची चूक कबूल केली. ‘अलगद’ हा मराठी शब्द सांगितला, तर त्याने त्याचाही अर्थ विचारला. आम्ही काही न बोलता त्याची चार महिन्यांची बहीण त्याच्या हातांत ठेवली. त्याने श्वास रोखला, कोपर तिच्या मानेखाली सरकवले आणि हळूच म्हणाला, “आजोबा, मला भीती लागते.”

आम्ही हसलो नाही. त्याचे वाक्य दुरुस्तही केले नाही.