मिठाचा चहा

2019 च्या जुलैत आम्ही दोघं मंगोलियाला गेलो. उलानबातरहून पश्चिमेकडे दिवसभर गाडीने गेल्यावर खारखोरिन येतं, ओगेदेई खानाची जुनी राजधानी. तिथून पुढच्या कुरणात एका पशुपालक कुटुंबाकडे आमचा दोन रात्रींचा मुक्काम होता. गाडी थांबली तशी आमच्या दुभाषी मुलीने हाळी दिली, ‘नोखोई खोर!’ म्हणजे ‘कुत्रा धरा!’ तिकडे दारावर टकटक करत नाहीत, असं हाकारतात. माझ्या लहानपणी भाईंदरजवळच्या आमच्या मोरवा गावात आम्हीही अंगणातूनच हाक मारायचो, ‘आहे का गं कुणी?’

त्यांच्या घराला गेर म्हणतात. लाकडी जाळीची गोल भिंत, वर बुरणुसाचं पांघरूण, छताला मधोमध गोल झरोका आणि दार दक्षिणेला. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पाहुण्यांनी डाव्या हाताला बसायचं. समोर, दाराच्या समोरासमोर, देव आणि वाडवडिलांचे फोटो.

मधल्या चुलीवर मोठी कढई होती आणि खाली वाळलेलं शेण जळत होतं. शेणीचा तो वास मला ओळखीचा. घरच्या बाईने पाण्यात चहाच्या विटेचा तुकडा चुरून टाकला, याकचं दूध ओतलं, मग एका डब्यात हात घालून, न बघता, मूठभर मीठ सोडलं. नंतर पळीने तो चहा हातभर उंच उचलून परत कढईत सोडत राहिली, कितीतरी वेळ. वाटी देताना तिने उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला. मीही तशीच घेतली.

पहिला घोट घशाखाली उतरेना. जीभ साखरेची वाट बघत होती. मग वाटलं, चहा म्हणून कशाला प्यायचा? ही तर पेज आहे. ताप आला की आजी तांदळाची पेज करायची, वर मिठाचे दोन खडे. तशी प्यायले आणि वाटी रिकामी झाली. बाईने लगेच दुसऱ्यांदा भरली.

घोडा, गाय-याक, उंट, मेंढी आणि बकरी ही त्यांची पाच जनावरं. जगणं सगळं त्यांच्यावर. उन्हाळ्यात खाणं दुधाचं: दही, साय, चीज, घोडीचं आंबवलेलं दूध म्हणजे आयराग. हिवाळ्यात मांस. पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश जातो. हिमाचा थर धरला की जनावरांना गवत मिळत नाही. त्या संकटाला ते झुद म्हणतात. 2009-10 च्या झुदात ऐंशी लाखांवर जनावरं गेली. म्हणून जुलैच्या उन्हातच पुढच्या जानेवारीची तयारी. गेरच्या छपरावर दह्याच्या चक्क्याच्या वड्या वाळत होत्या, तो आरूल. दाताने फुटत नाही, गालात धरून चघळायचा. मांसाच्या पट्ट्या थंडीत वाळवतात, त्यांना बोर्त्स म्हणतात. चिमूटभर कुसकरून पाण्यात उकळलं की सूप तयार.

छपराकडे बघताना मला आमच्याकडच्या उत्तनच्या वलांडीवर टांगलेले बोंबील दिसत होते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा आमच्या घरी डब्यातलं सुकटच कामी यायचं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आजी बेगमी म्हणायची. तिला समुद्र माहीत आणि या बाईला गवत. दोघींनी वाईट दिवस गृहीत धरलेले, आणि तरी दारात आलेल्याला आधी वाढायचं.

चहातल्या त्या मूठभर मिठाने आजोबाही आठवले. ते भाईंदरच्या मिठागरात राबले. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसरीत फिरवत उन्हाने दाट करायचं, तळाला मीठ धरलं की लाकडी फावड्याने ओढायचं. हंगाम पहिल्या पावसापर्यंत. त्यांच्या तळव्यांच्या भेगा कधी बुजल्याच नाहीत. हंगामाचं पहिलं मीठ ते पानावर घालून देवापुढे ठेवायचे. मग घरात वापर.

प्रवासात पोट बिघडलं तर असावं म्हणून माझ्या पिशवीत खड्या मिठाची पुडी होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बाईला दिली. दुभाषी मुलीला म्हटलं, ‘सांग, माझ्या गावचं आहे. समुद्राचं.’ बाईने एक खडा तळहातावर घेतला, जिभेला लावला, मग नवऱ्याला दिला. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. मंगोलियाला किनारा नाही.

पहाटे जाग आली ती पळीच्या आवाजाने. कढईत मोरव्याकडचं मीठ पडलं होतं, पुडी शेजारीच उघडी होती. आम्हाला वाटी देण्याआधी ती लाकडी पळी घेऊन बाहेर गेली. पहिला, वरचा चहा ते आभाळाला देतात. त्याला देएज म्हणतात. आमचा नैवेद्यच. तिने चारी दिशांना चहा शिंपडला. थेंब उन्हात चमकून गवतात पडले.

मी उंबरठ्याच्या आत उभी होते. आजोबांचं पान आठवलं आणि हात आपोआप जोडले गेले.