टाकीतला गंज

पेट्रोलच्या टाकीचे बाहेरून काही कळत नाही. आमच्या राजदूतच्या टाकीचा रंग अकरा वर्षे गोठ्यात काढूनही बऱ्यापैकी शाबूत होता. झाकण उघडून आत बॅटरी मारली, तेव्हा वारुळाच्या मातीसारखा तांबडा थर दिसला.

गाडी वडिलांची. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली ही राजदूत एस्कॉर्ट्सने १९६२ च्या सुमारास आणली आणि खेड्यांतल्या दूधवाल्यांनी ती आपलीशी केली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूरने जी चिमुकली राजदूत पिटाळली, तिची ही थोरली बहीण. आमच्याकडे मात्र तिने राहूच्या गुऱ्हाळातल्या ढेपा यवतपर्यंत वाहिल्या.

वडील गेले आणि वाटण्या झाल्या. जमीन मोजली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, गुळाची काहीलसुद्धा कुणाच्या तरी वाट्याला गेली. राजदूत कुठल्याच वाटणीत बसेना. दादा राहूत, मी पुण्यात; आमचे बोलणे हळूहळू ‘तब्येत बरी ना?’ एवढ्यावर आले. यंदा त्यांचा निरोप आला, “गोठा पाडतोय. गाडी भंगारात देऊ का नेतोस?”

तुम्ही म्हणाल, पेट्रोलात लोखंड गंजेल कसे? गंजवते ते पेट्रोल नव्हे, टाकीतली रिकामी जागा. रात्री पत्रा गार पडला की तिथल्या हवेतली वाफ घामासारखी जमते, ओघळते, आणि पाणी जड म्हणून पेट्रोलखाली जाऊन बसते. भीमा आणि मुळा-मुठेच्या बेचक्यातले आमचे राहूबेट उसाचे. दमट हवेला तोटा नाही. त्यात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते, आणि ते फार झाले की दोघे मिळून तळ गाठतात. ज्या उसाने घर पोसले, त्याचाच हा नातू! (आमची टाकी त्याच्या आधीच गंजली होती, म्हणून त्याला बोल लावता येत नाही.)

“गंज काढाल तर चाळण होईल,” मिस्त्री म्हणाला. “गंजच पत्रा धरून बसलाय.”

त्याचे खरे होते. गंज म्हणजे लोखंडच, हवा-पाण्याने खाल्लेले. गंज निघतो, खाल्लेला पत्रा परत येत नाही. दादा म्हणाले, “होऊ दे चाळण. आत काय उरलंय ते तर कळेल.”

जुने पेट्रोल चुलवणापासून लांब, उघड्यावर काढले. टाकी साबणाने धुतली, मूठभर नटबोल्ट आत टाकले आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती हलवली. हे एकट्याचे काम नव्हे. “धर नीट!” दादा ओरडले, अगदी पूर्वी मोट धरताना ओरडत तसे. मग लिंबाचे सत्त्व, ढोकळ्यात घालतात तेच, लिटरमागे शंभर ग्रॅम गरम पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरली. चिंचेने तांब्याचा गडू उजळतो, त्याच जातीची ही क्रिया. रात्रभर बारीक बुडबुडे येत होते. ते हायड्रोजनचे, म्हणून दादांना विडी अंगणापलीकडे जाऊन ओढावी लागली.

सकाळी काळपट हिरवे पाणी निघाले. खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळून टाकी लगेच वाळवायची घाई केली, कारण उघडे पडलेले लोखंड बघता बघता पुन्हा तांबडे होते. वाळल्यावर आतून तेल फिरवले. तळाला दोन भोके निघाली, मोहरीएवढी. दोनच! मिस्त्रीने टाकी पुन्हा नीट धुऊन, पेट्रोलचा वास पार गेल्याची खात्री करून झाळ दिला.

राजदूतला पेट्रोलात तेल मिसळावे लागते. ते माप दादांना अजून पाठ होते.

गाडी कुणाची, हे ठरलेले नाही. तूर्त ती दादांच्या पडवीत आहे. टाकी रिकामी ठेवायची नाही, म्हणून महिन्याकाठी मी राहूला जातो.