गळती कोठें होती ?

इ. स. २०२३ च्या दिवाळीच्या सुटींतील ही गोष्ट आहे. आमच्या जुन्या मोटारीचें तेल बदलावयाचें होतें. शास्त्र शिकविण्यांत ज्याचीं वीस वर्षें गेलीं, त्यानें एवढ्याशा कामासाठीं मिस्त्रीच्या दारीं कां जावें, असा अभिमान माझ्या मनांत उत्पन्न झाला. आणि इयत्ता नववींतील माझ्या मुलाला मदतीस घेऊन मीं तें काम घरींच आरंभिलें.

गाडी मजबूत टेकूंवर घेतली. इंजिनाखालचें बूच काढून जुनें तेल घमेल्यांत उतरविलें. बूच परत बसविण्याचें काम मुलानें केलें. जुना फिल्टर काढून नवा मीं बसविला, पट्टीवरील खुणेपर्यंत नवें तेल ओतलें, आणि मोठ्या ऐटींत फाटकापर्यंत फेरी मारून आलों. उतरून पाहतों तों फरशीवर मधाच्या रंगाचें तेल पसरलेलें, आणि बुचाच्या टोकावरून थेंब टपकत आहेत !

माझा निकाल तत्काळ लागला. "बूच तूं नीट आवळलें नाहींस !" असें मी त्याला शेजाऱ्यांच्या देखत बोललों. त्यानें मान खालीं घातली. मीं पाना घेऊन बूच आणखी आवळलें, गळती थांबेना. पुनः जोर लावणार, तोंच तो हळूच म्हणाला, "बाबा, फार आवळलें तर आटे जातील ना ? आणि आधीं निरीक्षण, मग अनुमान, असें तुम्हीच वर्गांत सांगतां."

मी वरमलों. इंजिन निवूं दिलें. बूच, तळ व फिल्टर हीं सर्व चिंध्यांनीं पुसून कोरडीं केलीं. कारण काम करतांना सांडलेलें तेलहि मागाहून ओघळून गळतीचा भास उत्पन्न करतें. खालीं पांढरा पुठ्ठा पसरला. तेल कमी झालें होतें तें भरलें. मुलानें बाजूनें विजेरी धरली, आणि मीं क्षणभरच इंजिन चालूं केलें.

"बंद करा ! वरून येत आहे !" तो ओरडला.

फिल्टरच्या कडेनें तेल झिरपत होतें, आणि ओघळून सर्वांत खालच्या बुचावर थेंब होऊन लोंबत होतें. बूच निर्दोष होतें ! फिल्टर उतरविला, तेव्हां त्याचें रबरी कडें जागच्या जागीं होतें. परंतु इंजिनाच्या तोंडाला आणखी एक कडें चिकटलेलें दिसलें. जुना फिल्टर काढतांना त्याचें कडें त्याजबरोबर आलें कीं नाहीं, हें मीं पाहिलेंच नव्हतें. अशीं दोन कडीं एकावर एक बसलीं म्हणजे त्यांची पकड राहात नाहीं, आणि इंजिन चालूं होतांच पंपाच्या दाबानें तेल त्यांमधून बाहेर पडतें. तसाच दूर गेलों असतों, तर तेलावांचून इंजिनाचा नाश झाला असता.

जुनें कडें काढून जागा पुसली. दुसरा नवा फिल्टर आणला, त्याच्या कड्याला तेलाचें बोट लाविलें, कडें टेकेपर्यंत तो हातानें फिरविला व पुढें सुमारें पाऊण फेरा आवळला. तेल भरून तोच प्रयोग पुनः केला. पुठ्ठा कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशीं सकाळींहि कोरडाच होता. जुनें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून गॅरेजांत नेऊन दिलें.

एक काम अद्याप उरलें होतें. ज्यांच्या देखत मुलाला बोललों होतों, त्याच शेजाऱ्यांच्या देखत "चूक माझी होती" असें मीं त्याला सांगितलें. सबंध दिवसांत तेंच काम मला सर्वांत जड गेलें.

विद्यार्थिमित्रहो, थेंब जेथें पडतो तेथेंच गळती असते असें नाहीं. ओल जेथून सुरू होते तेथपर्यंत वर पाहात जावें. आणि पालकहो, घरांत कांहीं बिघडलें म्हणजे दोष ओघळत जाऊन सर्वांत लहानाच्या माथीं बसतो. तो तेथलाच आहे काय, हें पाहिल्यावांचून आपण बोलूं नये.