डावीकडून धावणारा

२२ जून १९८६. मेक्सिको सिटीचं अझ्तेका स्टेडियम, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. ५५व्या मिनिटाला मॅराडोना स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू घेतो, गर्रकन वळतो आणि सुटतो. पुढच्या दहा-अकरा सेकंदांत काय झालं ते फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मला मात्र ती चित्रफीत पाहताना नजर डावीकडे ठेवायची सवय लागली आहे. तिथे गडद निळ्या जर्सीतला एक उंच माणूस मॅराडोनाच्या बरोबरीने गोलकडे धावत असतो. पास येईल या तयारीने तो धावतो. पास येत नाही.

हा होर्खे वाल्दानो. त्या दिवशीच्या दोन्ही प्रसिद्ध गोलांमध्ये तो आहे. चारच मिनिटं आधी, ‘देवाचा हात’ म्हणून गाजलेल्या पहिल्या गोलच्या वेळी, मॅराडोनाने चेंडू दिला होता तो वाल्दानोलाच. तो त्याच्या ताब्यात आला नाही, इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने उलट दिशेला उंच उडवला, आणि पुढे मॅराडोनाचा हात आला. म्हणजे एकदा चेंडू येऊन निसटला, एकदा आलाच नाही, आणि दोन्ही वेळा इतिहास त्याच्या शेजारी घडला.

सामन्यानंतर आंघोळ करताना मॅराडोनाने त्याला सांगितलं, की धावताना मी सारखा तुलाच पास द्यायची संधी शोधत होतो. वाल्दानो हे अनेकदा सांगत आला आहे. ऐकून तो म्हणे चक्रावला, थोडा चिडलाही: एवढ्या बचावपटूंना चुकवत असताना याला मीही दिसत होतो? मग आम्ही बाकीचे कशाला खेळतो?

हा प्रश्न माझ्या कामाचा आहे. मी अनुवादक आहे. बंगालीतून आणि स्पॅनिशमधून मराठीत. यादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करत असताना २००२चा विश्वचषक आला, आणि कोलकात्याच्या गल्ल्यांवर आकाशी-पांढऱ्या पताका लागल्या. अर्जेंटिना साखळीतच बाहेर पडली तेव्हा आमच्या गल्लीवर सुतकी कळा आली होती. त्या शहराचं अर्जेंटिनावेड मुख्यतः १९८६चं. स्पॅनिश शिकायला मी बसले त्याला कारण साहित्यच होतं, पण कान तयार झाला तो जुन्या सामन्यांची समालोचनं ऐकून.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं समालोचन याच गोलचं. उरुग्वेच्या व्हिक्तोर ऊगो मोरालेसने रेडिओवरून केलेलं. मॅराडोना धावतो आहे तेव्हा मोरालेसला वाटतं, आता पास बुरुचागाकडे जाणार. वाल्दानोचा त्याला पत्ताच नाही. मग गोल होतो, मोरालेस रडायला लागतो आणि मॅराडोनाला ‘बारिलेते कोस्मिको’ म्हणतो. बारिलेते म्हणजे पतंग. तोही अर्जेंटिनाकडचा, स्पेनमध्ये पतंगाला ‘कोमेता’ म्हणतात. मराठीत ‘विश्वपतंग’ केलं तर मंगळग्रहाची मोहीम वाटते. ‘वावडी’ हा जुना, गावाकडचा शब्द मला आवडतो, पण आता आपल्याकडे वावड्या फक्त उठतात, उडत नाहीत. मी अजून अडलेली आहे.

गेल्या वर्षी माझ्या एका अनुवादाची दुसरी आवृत्ती निघाली. नवं मुखपृष्ठ देखणं होतं. त्यावर मूळ लेखकाचं नाव होतं, माझं नव्हतं. माझं आत होतं, चौथ्या पानावर, छपाईच्या तपशिलाच्या वर. साताऱ्याला आईने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “दुसऱ्यांचं किती दिवस करत बसणार गं? स्वतःचं कधी लिहिणार?” हा प्रश्न प्रत्येक अनुवादकाला कुणी ना कुणी विचारतंच. एरवी मी हसून सोडून देते. त्या वेळी सोडता आला नाही. हातातलं काम बंद केलं, आणि पुन्हा सुरू करायचं की नाही हेही ठरवेना.

त्या रिकाम्या दिवसांत मी वाल्दानोचं वाचत होते. १९५५ साली सांता फे प्रांतातल्या लास पारेखास या लहान गावात त्याचा जन्म. नेवेल्स ओल्ड बॉइजकडून सुरुवात. १९७५मध्ये, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर, तो स्पेनला आलावेस या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला. फ्रँको मरण पावला तेच वर्ष. पुढे सारागोसा, मग रेआल माद्रिद: दोन लीग विजेतेपदं, दोन युएफा कप. म्हणजे मॅराडोनाच्या सावलीत उगवलेलं हे झाड नव्हे. १९८६च्या विश्वचषकात त्याचे चार गोल आहेत. अंतिम सामन्यातला अर्जेंटिनाचा दुसरा गोल त्याचाच: तोच लांबचा पल्ला, तीच डावी बाजू. या वेळी एन्रिकेने चेंडू दिला, आणि पुढे आलेल्या शूमाखरच्या बाजूने त्याने तो शांतपणे आत ढकलला.

मला जास्त गुंतवलं ते वेगळ्याच गोष्टीने. अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये दोन पंथ आहेत. मेनोत्तीचा, सुंदर आणि आक्रमक खेळाचा. आणि बिलार्दोचा, आखणीचा, निकालाचा. वाल्दानो विचाराने पक्का मेनोत्तीवाला. विश्वचषक मात्र त्याने जिंकला बिलार्दोच्या हाताखाली, बिलार्दोने नेमून दिलेली कामं करत. अंतिम सामन्यात त्याला जर्मनीच्या धिप्पाड ब्रिगेलवर लक्ष ठेवायचं होतं. हे त्याने मन लावून केलं आणि आपली मतंही सोडली नाहीत. न पटणाऱ्या लेखकाचं वाक्य तितक्याच निष्ठेने मराठीत आणताना काय होतं, हे मला त्याच्याइतकं कुणी समजावलेलं नाही.

१९८७मध्ये हेपटायटिसने त्याचा खेळ थांबवला. १९९०च्या विश्वचषकासाठी त्याने परत यायचा प्रयत्न केला. महिनोन्‌महिने मेहनत घेतली, आणि स्पर्धा तोंडावर आली असताना बिलार्दोने त्याला वगळलं. त्यानंतर तो प्रशिक्षक झाला. १९९४मध्ये रेआल माद्रिदमध्ये १७ वर्षांच्या राउलला पहिली संधी त्याने दिली. आणि १९९५मध्ये त्याने ‘कुएंतोस दे फुतबोल’ हा फुटबॉलकथांचा संग्रह संपादित केला. त्यात फोंतानारोसा आहे, हाविएर मारियास आहे. बोर्खेस या खेळाची टिंगल करायचा. तो जिनिव्हात वारला १४ जून १९८६ला, इंग्लंडच्या सामन्याआधी आठ दिवस. साहित्य आणि फुटबॉल यांच्यामधली ती भिंत पाडायला एक निवृत्त फॉरवर्डच पुढे आला. तिथेही त्याने पास दिले: गोष्टी इतरांच्या, पुस्तक त्याचं.

दिवाळीत मी आईला तो गोल दाखवला. ती फुटबॉल पाहत नाही. दुसऱ्यांदा पाहताना तिने विचारलं, “हा पलीकडचा एवढा पळतोय, त्याला का नाही देत?”

“द्यायचा होता म्हणे.”

“मग त्याने पळायचं कशाला?”

“त्याच्याकडे जाईल असं वाटलं म्हणून तर समोरच्यांची पंचाईत झाली.”

आई जरा थांबली. “पण नाव तरी लागलं ना त्याचं?”

तिच्या प्रश्नाने माझी गाडी रुळावर आली. नाव लागलं होतं. संघाच्या यादीत ११ नंबरपुढे त्याचं नाव आहे, पदक आहे, पहिल्या पानावर आहे. पास न मिळणं हा खेळाचा भाग. यादीतून नाव जाणं हा खेळाचा भाग नाही. या दोन गोष्टी मी इतके दिवस एकाच दुःखात कालवून बसले होते. दुसऱ्या दिवशी प्रकाशकांना पत्र लिहिलं. उत्तर यायला दीड महिना लागला. पुढच्या करारात आता एक ओळ आहे: अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर.

थांबवलेलं काम पुन्हा सुरू आहे. रोसारिओत घडणारी कादंबरी, अजून १४० पानं उरली आहेत. वाक्यं लांब, श्वास पुरत नाही. ‘स्वतःचं’ कधी, हे आई अजून विचारते. मी सांगते, हे झालं की बघू.